सव्वाचार इंचांचं भोक आणि सव्वाशे वर्षांचा सराव

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "गोल्फ? तो तर साहेब लोकांचा खेळ, आपला काय संबंध?" थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. आजची गोष्ट आलिशान क्लबची नाहीये. एक छोटासा चेंडू जमिनीवरून हळूच ढकलून एका भोकात घालायचा, एवढ्याशा कामाची आहे. लहानपणी मातीत टाचेनं खड्डा करून गोट्या खेळलेल्या कुणालाही ती कळेल. गोल्फमध्ये या कामाला पटिंग म्हणतात. त्याचा सराव कसा करायचा हे माणसं कशी शिकत गेली, तो इतिहास आज मी सांगणार आहे. आणि त्या इतिहासात एक भांडणही आहे: हे कौशल्य जन्मजात असतं की कमावता येतं?

सुरुवात आपल्याला आठवणाऱ्या एका दिवसापासून करू. 7 ऑगस्ट 2021. नीरज चोप्रानं टोकियोत भाल्याचं सुवर्ण जिंकलं तो दिवस. त्याच दिवशी सकाळी आपल्याकडे कितीतरी लोक आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघत बसले होते. बेंगळुरूची अदिती अशोक, जागतिक क्रमवारीत 200 वी, पदकाच्या दारात उभी होती. तिचे लांब फटके इतरांपेक्षा बरेच आखूड पडत होते. तरीही ती चार दिवस आघाडीच्या खेळाडूंमध्ये टिकली, आणि त्यात मोठा वाटा पटिंगचा होता. शेवटच्या होलवर तिचा पट बाजूनं निघून गेला आणि ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्यानं हुकलं.

आता जरा हिशेब बघा. गोल्फच्या 18 होल्सच्या पूर्ण कोर्सचा 'पार', म्हणजे अपेक्षित फटके, बहुतेक ठिकाणी 72 असतात. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट गृहीत धरलेले असतात. ग्रीन म्हणजे होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग. 18 गुणिले 2, झाले 36. म्हणजे कागदावर अर्धा खेळ पटिंगचा! 250 मीटर उडालेला फटका एक मोजला जातो आणि वीतभर ढकललेला चेंडूही एकच. खेळाचा सगळा न्याय आणि सगळा अन्याय इथेच आहे.

भोक ठरलं, मग मोजमाप सुरू झालं

पूर्वी होलचा आकार ठरलेला नव्हता. प्रत्येक कोर्सवर जसा जमेल तसा. स्कॉटलंडमधल्या मसलबरा इथे 1829 मध्ये होल कापायचं यंत्र आलं, आणि 1891 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं व्यास कायमचा ठरवला: सव्वाचार इंच, म्हणजे साधारण 10.8 सेंटीमीटर. आजच्या चेंडूचा व्यास सुमारे 4.3 सेंटीमीटर. म्हणजे भोक चेंडूच्या अडीच पट. ऐकायला भरपूर वाटतं ना?

आता शाळेतली भूमिती काढू. तीन फुटांवरून सरळ पट मारताना चेंडू नेम धरल्यापासून दोन्ही बाजूंना साधारण सव्वातीन अंश चुकला तरी आत जाऊ शकतो. दहा फुटांवरून ही सवलत फक्त एक अंश. वीस फुटांवरून अर्धा अंश. आणि हे चेंडू हळू आला तर! जोरात आला तर काठावरून घसरून बाहेर जातो, म्हणजे भोक जणू लहानच होतं. म्हणून पटिंगमध्ये दोनच गोष्टी महत्त्वाच्या: दिशा आणि वेग. उताराचा अंदाजही शेवटी या दोनांतच येऊन मिसळतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत लोकांनी सरावाच्या ज्या युक्त्या काढल्या, त्या सगळ्या या दोनांपैकी एकीला पकडतात.

म्हातारा, उसनी काठी आणि 1904

वॉल्टर ट्रॅव्हिस. जन्म ऑस्ट्रेलियात, राहायला अमेरिकेत. गोल्फची काठी त्यानं पहिल्यांदा हातात घेतली ती तिशी उलटून गेल्यावर. आजकाल तर तिशीत लोक निवृत्तीच्या गप्पा मारतात! अंगात फार ताकद नाही, फटके आखूड. तरी तो 1900, 1901 आणि 1903 मध्ये अमेरिकेचा हौशी विजेता झाला. मग 1904 मध्ये इंग्लंडमधल्या सँडविच इथे ब्रिटिश हौशी स्पर्धेसाठी गेला. तिथे त्याचे पट काही केल्या पडेनात, तेव्हा त्यानं एका मित्राचा पटर उसना घेतला. 'शेनेक्टडी' नावाचा हा पटर न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच नावाच्या शहरातल्या आर्थर नाइट यांनी बनवला होता. डोकं ॲल्युमिनियमचं, आणि दांडा टोकाला न बसवता जवळजवळ मधोमध.

अंतिम सामन्यात समोर होता एडवर्ड ब्लॅकवेल, त्या काळातला नावाजलेला लांब फटक्यांचा खेळाडू. ब्लॅकवेल चेंडू कुठल्या कुठे पुढे नेई, ट्रॅव्हिस मागून येई आणि ग्रीनवर हिशेब चुकता करी. ट्रॅव्हिस जिंकला. ब्रिटनबाहेरून येऊन ही स्पर्धा अमेरिकेत नेणारा तो पहिला.

पुढची गंमत ऐका. 1910 मध्ये रॉयल अँड एन्शंट क्लबनं मधोमध दांडा असलेल्या अशा पटरवर बंदी घातली, आणि ती चाळीस वर्षांहून जास्त टिकली. अमेरिकेनं मात्र बंदी मानली नाही. आपण हरलो की बॅटला दोष देतो, तसंच काहीसं. पण पटर जादूचा असता तर त्याच पटरनं सगळेच जिंकले असते. ट्रॅव्हिसची खरी ताकद होती विचार करून केलेला सराव. तो पटिंगबद्दल लिहीत असे, इतरांना शिकवत असे. त्याच्याकडून 1924 मध्ये धडा घेणाऱ्यांत बॉबी जोन्स होता. तोच जोन्स, ज्यानं 1930 मध्ये एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. आता मला सांगा, पटिंग जर नुसतं देवाचं देणं असतं, तर एका म्हाताऱ्यानं ते दुसऱ्याला शिकवलं कसं?

तीन फुटांची दरी

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, "अहो, सराव ठीक आहे, पण ऐन वेळी हात थरथरले तर?" बरोबर आहे. त्यासाठी 1970 चं सेंट अँड्र्यूज बघू. ब्रिटिश ओपनचा शेवटचा होल. अमेरिकेच्या डग सँडर्सला जिंकायला चार फटके पुरेसे होते. तिसरा फटका झाल्यावर चेंडू होलपासून साधारण तीन फुटांवर थांबला. हा पट टाकला की विजेता. सँडर्स चेंडूपाशी उभा राहिला, खाली वाकून वाटेतलं काहीतरी बाजूला केलं, पुन्हा उभा राहिला आणि मारला. चेंडू उजवीकडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी जॅक निकलसबरोबर पुन्हा 18 होल्स खेळावे लागले आणि तो एका फटक्यानं हरला. त्यानंतर मोठी स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही.

तीन फूट म्हणजे तुमच्या पलंगाच्या रुंदीएवढं अंतर हो! कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी लेझरनं मोजलेल्या लाखो फटक्यांचा अभ्यास केला. त्यांच्या आकड्यांनुसार अमेरिकन टूरवरचे व्यावसायिक तीन फुटांवरून 96 टक्के पट टाकतात. पाच फुटांवरून 77 टक्के, आठ फुटांवरून 50, दहा फुटांवरून 40 आणि वीस फुटांवरून फक्त 15 टक्के. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडूसुद्धा आठ फुटांवर नाणेफेकीसारखे असतात. हे आकडे मला फार दिलासा देतात. वीस फुटांवरचा पट हुकला म्हणून स्वतःवर चिडण्यात अर्थ नाही, पण तीन फुटांचा पक्का करण्यात नक्कीच अर्थ आहे.

हे काम कसं करायचं, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. 1956 चा मास्टर्स विजेता जॅकी बर्क यानं फिल मिकलसनला एक सोपं वाटणारं काम दिलं: तीन फुटांवरून सलग शंभर पट टाक. होलभोवती गोल करून चेंडू मांडायचे आणि एकेक टाकत फिरायचं. एक जरी हुकला तरी पुन्हा शून्यापासून. आता विचार करा, 97 वा पट मारताना काय वाटत असेल? हात तेच, अंतर तेच, पण पोटात गोळा. सँडर्सच्या त्या क्षणाची रंगीत तालीमच म्हणा ना! सरावातच थोडी भीती मिसळली की सामन्यातली भीती ओळखीची होते.

वेग मोजणारा माणूस

दिशेचं झालं, आता वेग. 1935 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँट इथे यूएस ओपन होती. तिथल्या ग्रीन इतक्या वेगवान होत्या की जीन साराझेनसारख्या मोठ्या खेळाडूचा पट घरंगळत ग्रीनबाहेर गेला. बघायला आलेल्यांमध्ये एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी खेळाडू होता. त्याला प्रश्न पडला: ग्रीन फार वेगवान आहे असं सगळे म्हणतात, पण नेमकी किती? त्यानं एक लाकडी पन्हळ बनवली. चेंडू तिच्यात ठेवायचा, एक टोक हळूहळू उचलायचं, ठरावीक चढ आला की चेंडू आपोआप सुटतो. मग सपाट भागावर तो किती फूट गेला ते मोजायचं. तोच ग्रीनचा वेग. माणसाच्या हाताचा जोर त्या मोजणीतून पूर्ण बाहेर! 1970 च्या दशकात अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं ती ॲल्युमिनियममध्ये सुधारून घेतली आणि आज जगभर तिला स्टिम्पमीटर म्हणतात.

मग आला डेव्ह पेल्झ. भौतिकशास्त्र शिकलेला, नासामध्ये संशोधन केलेला माणूस. कॉलेजात असताना तो निकलसविरुद्ध खेळून वारंवार हरला होता. 1970 च्या दशकात त्यानं नासाची नोकरी सोडली आणि पटिंग मोजायला लागला. त्याचा एक निष्कर्ष आजही सगळीकडे सांगितला जातो: भोक बंद असतं तर चेंडू साधारण 17 इंच पुढे जाऊन थांबला असता, असा वेग सर्वात फायद्याचा. त्यापेक्षा हळू असला तर ग्रीनवरच्या पावलांच्या खळग्यांमुळे चेंडू भरकटतो, आणि जोरात असला तर काठावरून उडतो.

आपल्याकडची गोष्ट

भारतात गोल्फ फार लवकर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना. मुंबईतही 1842 मध्ये क्लब निघाला. पुण्यात येरवड्याला तर बसच्या थांब्यालाच 'गोल्फ क्लब चौक' म्हणतात. त्या चौकातून रोज हजारो लोक जातात, पण भिंतीच्या आत काय चालतं ते फार थोड्यांना माहीत असतं. कोरड्या हवेच्या भागात गवत टिकवणं कठीण, म्हणून आपल्या देशात कितीतरी कोर्सवर गवताऐवजी वाळूत तेल मिसळून केलेल्या ग्रीन असत. रंगावरून त्यांना 'ब्राउन' म्हणत.

आणि आत कोण शिरलं? पुष्कळदा कॅडी म्हणून आलेली मुलं. खेळाडूची बॅग उचलायची आणि मोकळ्या वेळात जमेल तिथे चेंडू ढकलायचा. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरनं 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्त्यात गवताची निगा राखायचं काम करत. चौरसियानं 2008 मध्ये इंडियन मास्टर्स आणि 2016, 2017 अशी दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. त्याचेही फटके आखूड, पण होलजवळचा खेळ असा की लोक त्याला गमतीनं 'चिपपटशिया' म्हणू लागले.

मला हा या इतिहासाचा सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो. लांब फटक्याच्या सरावाला मैदान लागतं, चेंडूंच्या टोपल्या लागतात, पैसे लागतात. पटिंगला एक काठी, एक चेंडू आणि चार पावलं सपाट जागा पुरते. ज्यांना मैदान मिळालं नाही, त्यांना खेळाचा हा भाग तरी मिळाला.

पण खरं तेच सांगायचं तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 'ड्राइव्ह दाखवायला, पट कमवायला' अशा अर्थाची जुनी इंग्रजी म्हण आहे. ब्रोडी यांच्या आकड्यांनी तिला धक्का दिला. सर्वोत्तम व्यावसायिक इतरांपेक्षा जे पुढे राहतात, त्यात पटिंगचा वाटा सरासरी 15 टक्के आणि ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा साधारण 40 टक्के. म्हणजे नुसत्या पटिंगवर जग जिंकता येत नाही. मग कशाला करायचं? कारण सामान्य खेळाडूला कमी वेळात, कमी पैशात, घरात बसून सुधारता येणारी हीच जागा आहे. मैदान सगळ्यांना मिळायला हवं ही मागणी वेगळी, आणि ती या आकड्यांमुळे आणखी खरी ठरते.

आता तुमच्या खोलीत

इतिहास ऐकला, आता हात चालवू. मी चार सराव सांगतो, वर आलेल्या गोष्टींतूनच निघालेले. पटर नसेल तर जुना विकत घ्या किंवा कुणाकडून तरी उसना घ्या, ट्रॅव्हिसनंही घेतलाच होता.

पहिला, दरवाजा. पटरच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून दोन वस्तू ठेवा. मैदानात लाकडी टी, घरात दोन खोडरबर चालतील. पटर त्यांना न लागता मधून गेला पाहिजे. टायगर वूड्स हा सराव वर्षानुवर्षं करत आला आहे, सुरुवातीला फक्त उजव्या हातानं. पटर चेंडूच्या मधोमध लागतो की नाही, हे लगेच कळतं.

दुसरा, गोल. तीन फुटांवर होलभोवती चेंडू मांडून बर्कचा सराव. शंभरचं वेड नको, दहापासून सुरू करा. पण नियम तोच: हुकला की शून्य. घरात होलऐवजी स्टीलचा पाणी प्यायचा पेला आडवा ठेवा. त्याचं तोंड होलपेक्षा लहान असतं, त्यामुळे मैदानावरचं भोक नंतर हंड्याएवढं वाटतं.

तिसरा, शिडी. हा वेगाचा. पाच, सात, नऊ फुटांवर सतरंजीवर दोरे टाका. पहिला चेंडू पहिल्या दोऱ्यापुढे पण दुसऱ्याच्या आत थांबला पाहिजे, दुसरा त्याच्या पुढच्या टप्प्यात. इथे भोक नाहीच. नजर फक्त अंतरावर. जोर वाढवताना हाताला झटका देऊ नका, काठी मागे नेण्याचं अंतर वाढवा.

चौथा, फोन. तो हातात आहेच! चेंडूच्या मागे जमिनीवर टेकवून स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. चेंडू सुटताना पटरचा चेहरा कुठे बघतोय ते पाहा. छोट्या पटमध्ये चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः त्यावरच ठरते, काठीच्या वळणावर कमी. डोकं चेंडूमागे लगेच वळतंय का, तेही दिसेल. ट्रॅव्हिसकडे असला कॅमेरा असता तर त्यानं काय केलं असतं!

रोज पंधरा मिनिटं पुरेत. वहीत किंवा फोनवर आकडा लिहून ठेवा: आज गोलात सलग किती? महिन्याभरानं मागे वळून बघा. स्टिम्पसननं जे ग्रीनसाठी केलं, तेच तुम्ही स्वतःसाठी करताय. 'आज हात चांगला चालतोय' या वाटण्याच्या जागी एक आकडा येतो, आणि आकड्याशी भांडता येत नाही.

आणि सुरुवातीच्या भांडणाचं काय? माझं मत सांगतो. काही जणांच्या हाताला जन्मतःच अधिक कळतं, हे खरं असेल. पण तीन फुटांच्या पटला जन्मजात प्रतिभा लागत नाही. तिथे लागतो तो कंटाळा सहन करण्याचा धीर, आणि तो कुणाच्या क्लबच्या फाटकाआड बंद नसतो.

तुमचा सलग पटांचा आकडा मला जरूर कळवा, पेल्यातला असला तरी चालेल. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर ऐकत राहा, खेळत राहा!